९ डिसेंबर, वंशसंहारातील बळींचा स्मृतिदिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

९ डिसेंबर हा नेमका कशाचा दिवस आहे?

संयुक्त राष्ट्रांनी या दिवसाला दिलेले नाव लांबलचक आहे. वंशसंहाराच्या गुन्ह्यातील बळींचे स्मरण, त्यांची प्रतिष्ठा आणि या गुन्ह्याला प्रतिबंध यांसाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस, असा त्याचा अर्थ होतो. आमसभेने ११ सप्टेंबर २०१५ रोजी ठराव ६९/३२३ संमत केला आणि त्याच वर्षीपासून तो पाळला जाऊ लागला. ठरावासाठी पुढाकार आर्मेनियाने घेतला होता.

बातमीत किंवा फलकावर हे नाव कापून ‘नरसंहार दिन’ एवढेच उरते, तेव्हा प्रतिष्ठा आणि प्रतिबंध हे दोन्ही शब्द गळतात. बळींना आकड्यांतून बाहेर काढून माणूस म्हणून आठवणे आणि पुढचे संकट वेळेत ओळखणे ही या दिवसाची कामे आहेत. एका विशिष्ट देशाचा किंवा समाजाचा हा दिवस नाही.

हीच तारीख का?

९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसच्या पाले द शायो या इमारतीत आमसभेने वंशसंहाराचा गुन्हा रोखणे व त्यासाठी शिक्षा करणे याविषयीचा करार मंजूर केला. बाजूने ५६ मते पडली, विरोधात एकही नाही. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन आपल्याकडे ठाऊक असतो, आदल्या दिवसाची आठवण मात्र मागे पडते. करार प्रत्यक्षात लागू झाला १२ जानेवारी १९५१ पासून. आज दीडशेहून अधिक देश त्यात आहेत.

‘जेनोसाइड’ला मराठीत काय म्हणायचे? नरसंहार, वंशसंहार, वंशविच्छेद की हत्याकांड?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मूळ शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने घडवला. ग्रीक भाषेतला वंश किंवा कुळ या अर्थाचा शब्द आणि लॅटिनमधला मारणे या अर्थाचा प्रत्यय त्यांनी जोडला. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तो पहिल्यांदा छापला गेला. आई-वडिलांसह लेमकिन यांच्या घराण्यातली ४९ माणसे नाझींच्या हातून गेली. लोकसमूहाला समूह म्हणून संपवणे, हे त्यांना एका शब्दात सांगायचे होते.

‘हत्याकांड’ म्हणजे पुष्कळ माणसांना एका ठिकाणी मारणे. ‘नरसंहार’चा अर्थही जवळपास तोच, फक्त मोठ्या प्रमाणावर. यांपैकी कशातही ‘समूह म्हणून’ हा भाग येत नाही. ‘वंशविच्छेद’ वर्तमानपत्रांत बराच चालतो आणि चांगलाही आहे, पण त्यातून वंश पूर्ण तुटला असे ध्वनित होते. करारानुसार मात्र समूहाचा काही भाग नष्ट करण्याचा हेतूही पुरतो. म्हणून या पानावर ‘वंशसंहार’ वापरला आहे. त्यातही एक खोट आहेच. ‘वंश’ म्हटले की वाचकाला रक्ताचे नाते दिसते, पण कराराने धर्म आणि राष्ट्रीयत्व यांवर आधारलेले समूहही धरले आहेत. शब्द कोणताही घ्या, एका लेखात एकच ठेवा. एका परिच्छेदात नरसंहार आणि पुढच्यात वंशविच्छेद लिहिला की वाचकाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

मग कायद्यात वंशसंहार कशाला म्हणतात?

कराराच्या दुसऱ्या कलमात दोन भाग आहेत आणि दोन्ही लागतात. पहिला हेतूचा: एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह, तो समूह म्हणून, संपूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. दुसरा कृतीचा. पुढीलपैकी एक कृती पुरते:

१. समूहातील माणसांना ठार मारणे.
२. त्यांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणे.
३. समूहाचा शारीरिक नाश व्हावा अशी जगण्याची परिस्थिती जाणूनबुजून लादणे. अन्नपाणी, औषध, निवारा तोडणे यात येते.
४. समूहात मुले जन्मू नयेत म्हणून उपाय लादणे.
५. समूहातली मुले जबरदस्तीने दुसऱ्या समूहाकडे सोपवणे.

शेवटच्या चार कृतींमध्ये कोणी जागेवर मरावे लागत नाही. हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो.

राजकीय पक्ष किंवा विचारसरणीवर आधारलेले गट यादीत नाहीत. मसुद्याच्या वाटाघाटींत ते वगळले गेले. भाषा, देवळे, ग्रंथालये नष्ट करणे, म्हणजे ज्याला लेमकिन सांस्कृतिक वंशसंहार म्हणत, तोही गाळला गेला. तिसऱ्या कलमाप्रमाणे गुन्हा करण्याइतकाच त्याचा कट, त्यासाठी थेट आणि जाहीर चिथावणी, प्रयत्न आणि साथ हेही शिक्षापात्र आहे. चौथ्या कलमाप्रमाणे राज्यकर्ता, अधिकारी आणि साधा नागरिक असा फरक केला जात नाही.

किती माणसे मेली की वंशसंहार म्हणायचा?

असा आकडा नाही. सर्वाधिक चुका इथेच होतात. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत अंदाजे १७ लाख माणसे दगावली. तिथल्या विशेष न्यायालयाने २०१८ साली वंशसंहाराचा निकाल दिला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी अल्पसंख्याकांच्या बाबतीत. बहुसंख्य ख्मेर बळींच्या बाबतीत गुन्हा ठरला मानवतेविरुद्धचा. ख्मेर बळींचे दुःख त्यामुळे कमी ठरत नाही. त्यांना ज्या कारणासाठी मारले ते यादीतल्या चार समूहांत बसत नव्हते.

उलट बाजूला स्रेब्रेनिका. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील या गावात ८,०००हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने त्याला वंशसंहार ठरवले. ‘अंशतः’ म्हणजे समूहाचा लक्षणीय भाग, आणि स्रेब्रेनिकाचे बोस्नियन मुस्लिम हा तसा भाग होता, असे न्यायाधीशांनी धरले. गंभीर गुन्ह्यांच्या पायऱ्या लावून वंशसंहार सगळ्यात वर ठेवण्याची सवय लागली आहे, त्यामुळे दुसरा कोणताही शब्द वापरला की बळींचा अपमान झाला असे लोकांना वाटते. मानवतेविरुद्धचा गुन्हा हा हलका गुन्हा नव्हे. त्यालाही जन्मठेप होते.

हेतू तर मनात असतो. तो सिद्ध कसा करतात?

लेखी हुकूम हाती लागला तर उत्तम, पण तो फार क्वचित लागतो. न्यायालये वागण्याच्या सलग नमुन्यावरून हेतू काढतात: कोणाला निवडून वेगळे केले, कोणाला सोडले, कोणती हत्यारे आधीपासून साठवली, वरिष्ठ काय बोलत होते, नंतर पुरावा कसा लपवला.

रवांडामध्ये हे स्पष्ट दिसले. बेल्जियन राजवटीत १९३० च्या दशकापासून ओळखपत्रावर हुतू की तुत्सी (तिथले दोन मुख्य समाज) हे छापले जाई. १९९४ मध्ये तुत्सींची कत्तल झाली तेव्हा रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड मागून माणूस मारायचा की सोडायचा हे ठरले. आरटीएलएम या रेडिओ केंद्राने तुत्सींना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळ, म्हणण्याचा सपाटा लावला होता. त्या केंद्राशी आणि ‘कांगुरा’ या नियतकालिकाशी संबंधित तिघांना डिसेंबर २००३ मध्ये शिक्षा झाली. वंशसंहाराचा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय निकाल त्याआधी, २ सप्टेंबर १९९८ रोजी, ताबा या गावच्या प्रमुखपदी असलेल्या ज्याँ-पॉल अकायेसू याच्याविरुद्ध लागला. बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन असू शकते, हे त्याच निकालात पहिल्यांदा मान्य झाले.

हेतूची कसोटी कडक आहे. उपलब्ध पुराव्यावरून वंशसंहाराचा हेतू हाच एकमेव वाजवी निष्कर्ष निघायला हवा. क्रोएशिया आणि सर्बिया यांनी एकमेकांवर केलेले वंशसंहाराचे दावे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०१५ रोजी याच कसोटीवर फेटाळले. अत्याचार झाले हे मान्य करूनच.

भारताचा या कराराशी काय संबंध?

चांगला जुना संबंध आहे. १९४६ मध्ये वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा मानावा असा प्रस्ताव आमसभेपुढे ठेवणारे देश तीन होते: क्यूबा, पनामा आणि भारत. स्वातंत्र्याला अजून काही महिने बाकी होते. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, ज्या पुढे १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. ११ डिसेंबर १९४६ रोजी ठराव एकमताने संमत झाला आणि त्यातूनच दोन वर्षांनी करार आला.

भारताने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सही केली आणि २७ ऑगस्ट १९५९ रोजी करार अनुमोदित केला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लेमकिन वारले. अनुमोदन देताना भारताने नवव्या कलमाबाबत एक अट राखून ठेवली: वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा तर प्रत्येक वेळी सर्व पक्षांची संमती हवी. ही अट कागदावरच राहिली असे नाही. १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानी युद्धकैद्यांचा खटला बांगलादेशात चालू नये म्हणून पाकिस्तानने १९७३ मध्ये याच कराराच्या आधारे भारताविरुद्ध हेगमधल्या याच न्यायालयात अर्ज केला होता. वर्षअखेरीस त्यांनी तो मागे घेतला.

म्हणजे भारतात वंशसंहाराचा गुन्हा दाखल करता येतो?

नाही. पाचव्या कलमाने प्रत्येक सदस्य देशावर स्वतःचा कायदा करण्याची जबाबदारी टाकली आहे. आपण तो केलेला नाही. भारतीय दंड संहितेत हा गुन्हा नव्हता आणि भारतीय न्याय संहिता, २०२३ मध्येही नाही. १९८४ च्या दिल्लीतील शीख हत्याकांडासंबंधी सज्जन कुमार खटल्यात १७ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने ही उणीव नाव घेऊन दाखवली आणि ती तातडीने भरून काढण्याची गरज सांगितली. तोपर्यंत खून, दंगल, कट, दोन समाजांत वैर पसरवणे अशीच कलमे लावावी लागतात. प्रत्येक खून सुटा सुटा सिद्ध करायचा आणि समूहाला संपवण्याचा हेतू कागदावर येतच नाही, अशी ही अडचण आहे.

जालियनवाला बाग वंशसंहार होता का? आणि फाळणी?

जालियनवाला बाग, १३ एप्रिल १९१९: सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त असल्याचे तेव्हाच्या भारतीय चौकशीने म्हटले. जमाव हुकूम मोडून जमला म्हणून त्याला धडा शिकवायचा, हा डायरचा स्वतःच्या तोंडचा हेतू होता. ते हत्याकांड होते. त्याला वंशसंहार म्हटल्याने ते अधिक भयंकर होत नाही, उलट समोरच्याला व्याख्येवर वाद घालायची आयती संधी मिळते.

फाळणीच्या हिंसेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींना काही भागांत वंशसंहाराची लक्षणे दिसतात, काहींना दोन्ही बाजूंनी झालेले वांशिक निष्कासन, म्हणजे एखाद्या समाजाला प्रदेशातून हुसकावून लावणे. कार्यक्रमात हा विषय घ्यायचा असेल तर निष्कर्ष आधी जाहीर करून मग पुरावा शोधू नका.

‘हेगच्या कोर्टाने अमुक देशाला वंशसंहाराचा दोषी ठरवले’ अशा बातम्या येतात. खऱ्या मानायच्या?

आधी कोर्ट कोणते ते पाहा. हेगमध्ये दोन न्यायालये आहेत आणि बातम्या त्यांची सर्रास सरमिसळ करतात. आंतरराष्ट्रीय न्यायालय देशांमधले वाद ऐकते. कोणाला तुरुंगात टाकत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर खटले चालवते. ते १ जुलै २००२ पासून अस्तित्वात आहे आणि भारत त्याचा सदस्य नाही.

मग टप्पा पाहा. गाम्बियाने म्यानमारविरुद्ध रोहिंग्यांच्या बाबतीत ११ नोव्हेंबर २०१९ रोजी दावा केला आणि २३ जानेवारी २०२० रोजी अंतरिम आदेश आला. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध गाझाबाबत २९ डिसेंबर २०२३ रोजी दावा केला आणि २६ जानेवारी २०२४ रोजी अंतरिम आदेश आला. त्या पीठावर भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. अंतरिम आदेशाचा अर्थ एवढाच, की ज्या हक्कांच्या रक्षणाची मागणी आहे ते सकृद्दर्शनी विचारात घेण्याजोगे आहेत आणि निकाल लागेपर्यंत भरून न येणारे नुकसान होऊ देऊ नये. वंशसंहार झाला की नाही, हे त्यात ठरत नाही. बोस्निया विरुद्ध सर्बिया या दाव्याचा अंतिम निकाल यायला १९९३ पासून २६ फेब्रुवारी २००७ पर्यंत, म्हणजे जवळपास चौदा वर्षे लागली. सर्बियाने स्वतः वंशसंहार केला असे सिद्ध झाले नाही, पण स्रेब्रेनिकातला वंशसंहार रोखण्याचे आणि दोषींना शिक्षा करण्याचे कर्तव्य मोडले, असे ठरले. ‘सर्बिया निर्दोष’ आणि ‘सर्बिया दोषी’ असे दोन्ही मथळे त्या दिवशी बरोबर वाटू शकत होते, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी.

९ डिसेंबरखेरीज आणखी कोणते दिवस आहेत?

२७ जानेवारी: होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या वंशसंहाराचा स्मृतिदिन. १९४५ मध्ये याच दिवशी सोव्हिएत फौजा आउश्वित्झच्या नाझी छावणीत पोहोचल्या. ७ एप्रिल: १९९४ मध्ये रवांडात झालेल्या तुत्सींच्या वंशसंहाराचा चिंतनदिन. ११ जुलै: स्रेब्रेनिका. हा सर्वांत नवा, मे २०२४ मध्ये ८४ विरुद्ध १९ मतांनी संमत झालेला, ६८ देश तटस्थ राहिले. हे तिन्ही संयुक्त राष्ट्रांचे. आर्मेनियन लोक २४ एप्रिल पाळतात, रोमा समाज २ ऑगस्ट, बांगलादेश २५ मार्च.

मुंबईकरांना २७ जानेवारीचा एक धागा जवळचा वाटेल. आकाशवाणीची ओळखधून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन हे मूळचे बोहेमियातले ज्यू संगीतकार. १९३४ मध्ये हिटलरच्या सावटातून ते मुंबईला आले आणि बारा वर्षे इथे राहिले.

‘रवांडातील वंशसंहार’ म्हटले तर काय बिघडले?

बोलताना कळते, पण लेखी मजकुरात टाळा. २०१८ मध्ये आमसभेने दिवसाच्या नावातच ‘तुत्सींचा’ हा शब्द घातला, कारण ‘रवांडातील’ एवढ्याने कोणी कोणाला मारले हे धूसर होते आणि ‘दोन्हीकडून झाले’ म्हणणाऱ्यांना जागा मिळते. सुमारे शंभर दिवसांत मेलेल्यांचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या अहवालांत सुमारे ८ लाख आहे, रवांडा सरकार १० लाखांहून अधिक देते. दोन्हींपैकी कोणाचा आकडा ते लिहा. तुत्सींना वाचवणारे किंवा कत्तलीला विरोध करणारे हुतूही मारले गेले, त्यांचाही उल्लेख करा.

स्रेब्रेनिकाला अजूनही दरवर्षी दफन का होते?

कारण मारेकऱ्यांनी प्रेते दोनदा पुरली. जुलै १९९५ च्या सामूहिक कबरी त्याच शरद ऋतूत यंत्रांनी उकरून मृतदेह दूरच्या, छोट्या खड्ड्यांत नेऊन टाकले. यंत्राच्या फावड्याने शरीरे तुटली. एकाच माणसाची हाडे तीन-चार ठिकाणी सापडतात. कपडे किंवा खिशातल्या वस्तूंवरून ओळख पटवणे त्यामुळे अशक्य झाले, आणि नातेवाइकांच्या रक्ताशी हाडातल्या डीएनएची जुळणी करणे हा मार्ग उरला. त्यासाठी वीस हजारांहून अधिक नातेवाइकांनी रक्त दिले.

अडचण पुढेच असते. जुळणी झाली, पण हाती फक्त मांडीचे हाड आहे. कुटुंबाने दफन करायचे की बाकीच्याची वाट पाहायची? काही आया वर्षानुवर्षे थांबल्या. काहींनी पुरले आणि नंतर आणखी हाडे मिळाली म्हणून कबर पुन्हा उघडली. ज्या घरातले सगळेच मेले तिथे रक्त द्यायलाच कोणी नाही. दर ११ जुलैला पोतोचारीच्या दफनभूमीत त्या वर्षी ओळख पटलेल्यांचे हिरव्या कापडातले ताबूत येतात. दगडावर ८,३७२ नावे कोरलेली आहेत.

शाळेत किंवा कॉलेजात कार्यक्रम करायचा आहे. कसा करावा?

पन्नास मिनिटे पुरे. त्यात एकच घटना घ्या. होलोकॉस्ट, आर्मेनिया, रवांडा आणि बोस्निया एका तासात कोंबले की मुलांच्या हाती फक्त आकड्यांची शर्यत लागते: ६० लाख मोठे की १० लाख?

सुरुवातीला पाच मिनिटे नकाशा. रवांडा कुठे आहे हे ठाऊक नसताना तिथल्या दुःखाची ओळख होत नाही. मग दहा मिनिटांत पार्श्वभूमी, तारखांसह. त्यानंतर एका वाचलेल्या माणसाची साक्ष, सहा ते आठ मिनिटांची. यूएससी शोआ फाउंडेशनच्या संग्रहात ५०,०००हून अधिक चित्रित साक्षी आहेत. साक्ष परभाषेत असेल तर मराठी मजकूर आधीच तयार ठेवून एका व्यक्तीने शांत आवाजात वाचावा. नाट्यवाचन करू नका, रडवेला सूर लावू नका. मग दुसऱ्या कलमाचे पाच मुद्दे वाचा. दोन मिनिटे स्तब्धता. उरलेला वेळ प्रश्नांना.

स्तब्धता फसते ती सूचना नीट न दिल्याने. ३० जानेवारीला सकाळी अकराला आपण हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे उभे राहतो, त्या सवयीचा उपयोग करा: कधी सुरू, कधी संपणार, शेवट घंटेने की शब्दाने, हे आधी सांगा. घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटे पाळा. चाळीस सेकंदांत ‘धन्यवाद’ म्हणणारे सूत्रसंचालक फार.

शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, समूहछायाचित्र यांना या दिवशी फाटा द्या. फ्लेक्सवर मान्यवरांचे चेहरे तर नकोच. दीपप्रज्वलन करायचे तर निमूटपणे करा, टाळ्या नकोत. शेवटी आभारप्रदर्शन एका वाक्यात.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने टाळा: वर्गाच्या निम्म्या मुलांना ‘ज्यू’ आणि निम्म्यांना ‘नाझी’ करण्याचा खेळ. मुले एकतर हसतात, नाहीतर खरोखर दुखावतात. दोन्हींत शिकण्यासारखे काही उरत नाही, आणि छळछावणी म्हणजे साधारण असे काहीतरी असावे, हा गैरसमज पक्का होतो.

कोणत्या वयापासून?

प्रेते, छावण्या, कत्तल यांचे तपशील आठवीच्या आधी नकोत. पाचवी ते सातवीला वेगळे पाडणे, टोपणनावे ठेवणे, कोणीतरी लपवून वाचवणे, इथपर्यंत जा आणि थांबा. हात धरून आत न्यायचे आणि हात धरूनच बाहेर आणायचे. कार्यक्रम संपताच गणिताचा तास ठेवू नका, दहा मिनिटे मोकळी द्या आणि कोणाला बोलावेसे वाटले तर कोणत्या शिक्षकांकडे जायचे ते सांगा.

नावांचे वाचन ठेवले तर?

उत्तम, पण हिशेब करून. नाव, वय, गाव आणि छोटा विराम धरला तर मिनिटाला सुमारे दहा नावे होतात. पोतोचारीची ८,३७२ नावे त्या वेगाने वाचायला जवळपास चौदा तास लागतील. हा हिशेब मुलांसमोर फळ्यावर मांडला तरी आकडा कळतो. प्रत्यक्षात ६० नावे निवडा, म्हणजे सहा मिनिटे. दोन वाचक ठेवा, आलटून-पालटून.

उच्चार देवनागरीत लिहून द्या. बोस्नियन नावांतले शेवटचे ‘इच’ आणि ‘य’सारखे उच्चारले जाणारे जे अक्षर इंग्रजीच्या सवयीने ‘ज’ वाचले जाते, तिथे हमखास अडखळतात. वाचकाने दोनदा मोठ्याने सराव करावा. अडखळत, हसत वाचलेले नाव न वाचलेलेच बरे. नावे अधिकृत स्मारकाच्या यादीतूनच घ्या, संदेशांतून फिरणाऱ्या यादीतून नको.

फलकावर कोणते फोटो लावावेत?

मृतदेहांचे नकोत. त्या माणसांनी त्या अवस्थेत दिसण्याला कधीच संमती दिली नव्हती, आणि प्रतिष्ठा हा शब्द दिवसाच्या नावातच आहे. आधीच्या आयुष्याचे फोटो घ्या: लग्न, शाळा, दुकान. रवांडाची राजधानी किगाली इथल्या स्मारकात मुलांच्या दालनात प्रत्येक फोटोखाली त्या मुलाचा आवडता खाऊ, आवडता खेळ लिहिलेला आहे. कवट्यांच्या ढिगाने जे साधत नाही ते त्याने साधते.

फोटोची तारीख, ठिकाण, संग्रह तपासा. एका युद्धाचा फोटो दुसऱ्याच्या नावाने फिरतो आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रेही सर्रास येतात. एक खोटा फोटो सापडला की नाकारणाऱ्यांना बाकीचे एकोणीस खरे फोटो खोडायला तेवढे पुरते.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचा उल्लेख करावा का?

करा, पण होलोकॉस्टचा म्हणून नव्हे. ही चूक दरवर्षी होते. वळिवड्याला १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, मुख्यतः स्त्रिया आणि मुले. ते बहुतांशी कॅथलिक होते आणि १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केलेले होते. नाझी छावण्यांतून सुटून आलेले नव्हते. कोल्हापूरच्या आतिथ्याची आठवण म्हणून वॉर्सात स्मारक आहे. हद्दपारी म्हणजे काय हे समजावायला वळिवडे उत्तम उदाहरण आहे.

आधी इशारे मिळतात का, की हे अचानक घडते?

मिळतात. रवांडातील शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे कत्तल सुरू होण्याच्या जवळपास तीन महिने आधी, शस्त्रसाठे आणि तुत्सींच्या याद्या यांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयाला कळवले होते. शस्त्रे जप्त करण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. कत्तल चालू असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने शांतिसेना सुमारे २७० जणांपर्यंत कमी करण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेचे प्रवक्ते तेव्हा ‘वंशसंहाराच्या कृती’ म्हणत होते, ‘वंशसंहार’ म्हणायचे टाळत होते. तो शब्द उच्चारला तर पहिल्या कलमातले रोखण्याचे कर्तव्य अंगावर येईल, ही त्यामागची धास्ती.

संयुक्त राष्ट्रांच्या वंशसंहार प्रतिबंध कार्यालयाने २०१४ मध्ये १४ जोखीम-घटकांची चौकट दिली. त्यांत आधीच्या अत्याचारांना शिक्षा न होणे, कमकुवत न्यायव्यवस्था, एखाद्या समूहाविरुद्ध जुना भेदभाव, शस्त्रे आणि माणसे जमवण्याची क्षमता असे घटक येतात. ही चौकट भविष्य सांगत नाही. जोखीम वाढते आहे का, हे सलग पाहण्यासाठी ती आहे. सोशल मीडियावर फिरणारा ‘दहा टप्प्यांचा’ तक्ता लोक जिन्यासारखा वाचतात, आता सहावा आला, आता सातवा. प्रत्यक्षात अनेक टप्पे एकाच वेळी चालू असतात, आणि काही ठिकाणी मधेच थांबतातही.

चालू असलेल्या एखाद्या संघर्षाबद्दल मी ‘हा वंशसंहार आहे’ असे लिहू शकतो का?

मत म्हणून लिहायला हरकत नाही. लिहिताना तीन गोष्टी सांगा: कोणता समूह, पाचपैकी कोणती कृती, आणि हेतूचा पुरावा कशात दिसतो. निर्णय झालेला नसेल तर ‘दावा आहे’, ‘खटला चालू आहे’, ‘अमुक चौकशी समितीचा निष्कर्ष आहे’ असे नेमके लिहा. न्यायालयाचा निकाल, संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा अहवाल, एखाद्या संसदेचा ठराव आणि स्वयंसेवी संस्थेचे निवेदन यांचे वजन सारखे नसते.